समुद्र : आगमन १०.४०, प्रस्थान १०.५२

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि माझी गोष्ट मी मोठ्यानेच सांगणार आहे. मला हळू बोलता येत नाही. हा माझा दोष आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कसं कळलं त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म १९९७ साली पांढरकवड्याला, फकिरा पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. खरं तर मी कूलर होणारच नव्हतो. फकिरा दिवाळीआधी धान्याच्या कोठ्या बनवायचा आणि होळीनंतर कूलर, आणि मी दिवाळीआधीचा होतो. जवळच्या गावच्या वामनरावांनी मला सांगून बनवून घेतलं होतं. चार क्विंटल ज्वारी मावली पाहिजे, अशी अट होती. पण त्या साली पावसाने आणि अळीने मिळून वावर साफ केलं. कापूस गेला, ज्वारी काळी पडली. वामनराव दुकानात आले, त्यांनी दोन बोटांनी मला टकटक वाजवून पाहिलं आणि फकिराला म्हणाले, "कोठी झाली झकास. पण हिच्यात ठेवू काय?"

फकिरा व्यवहारी माणूस होता. त्याने माझ्या तीन बाजूंना खिडक्या कापल्या, त्यात गवताच्या ताट्या बसवल्या, चौथ्या बाजूला पंखा लावला आणि पोटात पाण्याचा पंप सोडला. अशा रीतीने कापसाच्या संकटातून माझा जन्म झाला. पुढे या संकटावर बरेच अहवाल निघाले, पण त्यांत माझा उल्लेख नाही.

मला घरी नेलं श्रावणरावांनी. ते एसटीत ड्रायव्हर होते. दुकानात त्यांनी बटण दाबलं, माझा आवाज ऐकला आणि डोळे मिटून म्हणाले, "हा आपल्या गाडीसारखा वाजते." आधीच्या एका गिऱ्हाइकाने याच कारणासाठी मला नाकारलं होतं. माझ्या बटणावर एक, दोन, तीन असे आकडे आहेत, पण पंखा एकाच वेगाने फिरतो. आवाजाचंही तसंच.

त्या घरात मी फार मान पाहिला. मार्च ते जून सगळं घर माझ्यासमोर जेवे, निजे आणि भांडे. श्रावणरावांचा मुलगा राजदीप माझ्यासमोर बसून इंजिनिअर झाला. वामनराव बाजाराच्या दिवशी येत आणि कोणालाही न विचारता सगळ्यात पुढची जागा घेत. "मूळ माहाच हाय हा," म्हणत. ते खोटं नव्हतं.

मान पाहिला तशी उपेक्षाही पाहिली. हिवाळ्यात मला गच्चीवर ठेवत. एका मांजरीने माझ्या पोटात तीन पिल्लं घातली आणि मला काहीच विचारलं नाही. २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा तपासणीवाल्यांनी माझ्या पाण्यात बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं आणि मान हलवली. महिनाभर मी गल्लीत आरोपीसारखा उभा होतो. पण मित्रांनो, तक्रार करायला मी इथे आलो नाही. मला सांगायचं आहे ते २००७ च्या मे महिन्याबद्दल.

राजदीप तोवर पोर्तुगालला गेला होता. पोर्तो नावाच्या शहरात एका पूल बांधणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी होती. त्याने आईबाबांना जूनमध्ये तिकडे बोलावलं. भाड्याची गाडी करू, नदीकाठच्या द्राक्षांच्या मळ्यांतून जाऊ, मग समुद्राच्या कडेकडेने खाली लिस्बनपर्यंत जाऊ, आठ-दहा दिवस फिरू, असा त्याचा बेत होता. त्याने टपालाने रस्त्यांचा नकाशा पाठवला आणि फोनवर एक वाक्य बोलला, जे त्याने बोलायला नको होतं. तो म्हणाला, "बाबा, रूट तुम्हीच ठरवा."

श्रावणराव निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. विनाअपघात सेवेचा बिल्ला भिंतीवर होता आणि ते स्वतः बिनकामाचे खुर्चीवर होते. त्यांनी नकाशा जमिनीवर अंथरला, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि शिवणकामाच्या दोऱ्याने रस्ते मोजायला घेतले. त्या वर्षी लाइट सकाळी जायची, दुपारी दोनला यायची आणि सहाला परत जायची. म्हणून पोर्तुगालचं सगळं नियोजन दुपारी दोन ते सहा, माझ्या हवेत, नकाशाचे कोपरे फडफडत असताना झालं.

पहिल्या दिवशी त्यांनी शोध लावला, "पोर्तो ते लिस्बन म्हणजे आपलं पांढरकवडा ते हैदराबाद. घाट धरून."

दुसऱ्या दिवसापासून वेळापत्रक सुरू झालं. मित्रांनो, तुमचे बाबा सहलीचा बेत करतात तेव्हा काय पाहायचं ते आधी ठरवतात. श्रावणरावांनी आधी प्रस्थानाची वेळ ठरवली. पहाटे चार वाजून पाच मिनिटं. दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली, कारण उन्हात टायर फुटतात. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. एक दिवसाआड गाडी रात्री पोर्तोला परत.

रविवारी राजदीपचा फोन आला तेव्हा हे सगळं त्याला ओरडून सांगण्यात आलं. ओरडून, कारण मी चालू होतो.

"बाबा, परत पोर्तोला कशाला यायचं? पुढेच जायचं ना."

"गाडी आगारात नाही आली तं धुणार कोण तिले?"

"बाबा, आणि इथे ऊन नसतं हो. जूनमध्ये पंचवीस डिग्री असते."

श्रावणरावांनी रिसीव्हरवर हात ठेवून बायकोला सांगितलं, "पंचवीस म्हणते. स्वेटर घे."

त्यांची बायको म्हणजे इंदूबाई. त्यांच्याबद्दल आता सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट त्यांची आहे. इंदूबाई सातवी शिकलेल्या आणि आवाजाने बारीक. पण १९९९ साली त्यांनी गल्लीतल्या बायांना गोळा करून हातभट्टीचे अकरा डबे भर रस्त्यात उपडे केले होते. तेव्हापासून भट्टीवाला त्यांना पाहून रस्ता बदलायचा. त्यामुळे द्राक्षांच्या मळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ते द्राक्ष खातेत का?"

"नाही आई," फोनवरून राजदीप म्हणाला, "त्यांची वाइन करतात."

"म्हणजे दारूच."

"आई, लोक नुसते पाहायला जातात."

"मी भट्टी पाहाले विमानानं येऊ?"

दारूला न शिवण्याचं पाचवं शील घेतलेलं बौद्ध घर होतं ते. श्रावणरावांनी तोडगा काढला. वेळापत्रकात मळ्यांच्या सगळ्या पट्ट्यासमोर त्यांनी लिहिलं, 'विनाथांबा'. त्यातून दोन तास वाचले. ते दोन तास त्यांनी गाडी धुण्याला दिले.

इंदूबाईंना पाहिजे होता समुद्र. पन्नाशी उलटली तरी त्यांनी तो पाहिला नव्हता. नवरा एकतीस वर्षं एसटीत, पण रजा मिळाली की तो झोपायचा. पासावर त्या नागपूर आणि वर्धा सोडून कुठे गेल्या नाहीत. श्रावणरावांनी मात्र समुद्र पाहिला होता. १९८८ साली एका शाळेची सहल घेऊन ते कोकणात गेले होते. घरी आल्यावर इंदूबाईंनी विचारलं, कसा असते? त्यांनी विचार करून सांगितलं होतं, "मोठा हाय. गाडी लावाले जागा नाही."

आता माझ्या अपराधाकडे येतो.

इंदूबाईंनी आपली इच्छा नवऱ्याला सांगितली होती. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा माझ्यासमोर बसून तुरीची डाळ निवडताना त्या म्हणाल्या, "मले समुद्रापाशी एक अख्खा दिवस बसाचं हाय." मी धडधडत होतो. श्रावणराव दोरा मोजत होते. ते म्हणाले, "हो हो." दुसऱ्यांदा त्या माझ्या पोटात बादली ओतत होत्या तेव्हा म्हणाल्या. मी ऐकलं, कारण त्या माझ्या कानाशीच होत्या. श्रावणराव म्हणाले, "हो, हो." तिसऱ्यांदा त्यांनी सरळ नकाशावर निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अठी एक दिवस." श्रावणराव चष्मा वर करून म्हणाले, "हो. समुद्रच हाय तो."

मला सगळं ऐकू येत होतं. पण माझ्या आवाजामुळे त्यांना काही ऐकू जात नव्हतं. मित्रांनो, दहा वर्षं मी समजत होतो की मी या घराला गारवा देतो. मी देतच होतो. पण त्या घरातलं बारीक आवाजातलं प्रत्येक वाक्य मी गिळत होतो, हे माझ्या पत्र्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

वेळापत्रक पूर्ण झालं तो दिवस बाजाराचा होता, त्यामुळे वामनराव हजर होते. परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, कारण सारा परदेश त्यांच्या वावरात येऊन गेला होता. कापूस बुडाल्याच्या त्या वर्षांत शेतकऱ्यांची चौकशी करायला त्यांच्या गावाला चार पथकं आली. एक दिल्लीचं, एक मुंबईचं, एक टीव्हीवाल्यांचं आणि एक गोऱ्या बाईचं. गावात सगळ्यांत बरी खाट वामनरावांकडे असल्याने चारही पथकं त्यांच्याच खाटेवर बसली.

"तुम्ही तिकडं चाललेच हा," वामनराव म्हणाले, "तं तिथल्या कास्तकाराले आपलेही प्रश्न विचारून या. एकर किती? घरात किती जण? झोप लागते का? सतरा प्रश्न हायेत. मले पाठ हायेत."

"आन् फोटो?" श्रावणरावांनी विचारलं.

"काढजा ना. पण त्याले म्हणजा, हसू नको. मी एकदा हसलो तं तो टीव्हीवाला म्हणे, काका, असं नका करू, जरा खाली पाहा. त्यालेही सांगजा, जरा तोंड पाड."

मग श्रावणरावांनी घसा साफ केला आणि कंट्रोलरच्या आवाजात वेळापत्रक वाचायला घेतलं. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिवस पहिला झाला, दुसरा झाला. मळ्यांचा पट्टा विनाथांबा गेला. चौथ्या दिवशी नाझारे नावाचं समुद्रकाठचं गाव आलं.

"नाझारे, समुद्र," श्रावणरावांनी वाचलं, "आगमन दहा चाळीस. प्रस्थान दहा बावन्न."

"बारा मिनिटं?" वामनराव म्हणाले.

"पाय मोकळे कराले लय झाले. चाहा बी होते."

इंदूबाई उठल्या. पाणी आणायला जात असतील असं मला वाटलं. त्या माझ्याकडे आल्या, भिंतीजवळ वाकल्या आणि त्यांनी माझं बटण बंद केलं.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर सेहेचाळीस डिग्री होती. लाइट होती. पांढरकवड्याच्या इतिहासात मे महिन्यात लाइट असताना कोणी कूलर बंद केल्याची नोंद नाही.

माझा पंखा गरगरत मंद झाला आणि थांबला. ताट्यांतून पाणी ठिबकल्याचा आवाज आला. घड्याळाचा आला. मी नसताना ते घर कसं ऐकू येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं.

"लाइट गेली?" वामनराव म्हणाले.

"बल्ब तं चालू हाय," श्रावणराव म्हणाले.

"मी बंद केला," इंदूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, बारीक. पण आता तो खोलीभर पुरत होता. "तुम्ही तीनदा हो म्हणलं."

"कायले हो म्हणलं?"

"मले समुद्रापाशी एक अख्खा दिवस बसाचं हाय. तीनदा सांगतलं म्या. तुम्ही तीनदा हो म्हणलं. आन् लिहिलं बारा मिनिटं."

श्रावणरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे. "अवो, पण सगळं बसवून झालं ना. एक दिवस मधात घातला तं पुढचं सगळं लेट होते."

"कोणाले लेट होते?"

"म्हणजे?"

"पुढच्या थांब्यावर कोण उभं हाय?"

श्रावणरावांनी कागदावरच्या पुढच्या थांब्यावर बोट ठेवलं. एकतीस वर्षं त्यांच्या प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी उभं होतं. गाठोडं घेतलेली म्हातारी, दप्तरवाल्या पोरी, कोंबडी लपवून नेणारा माणूस. पोर्तुगालमध्येही कोणीतरी रस्त्याकडे डोळे लावून उभं असेल, असं ते विचार न करताच धरून चालले होते.

"तुम्ही इतक्या लोकाइले पोचवलं," इंदूबाई म्हणाल्या. "मी कुठं पोचली?"

वामनरावांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून नकाशात, आणि लिस्बनच्या जरा खाली पडला.

"वहिनी," ते नम्रपणे म्हणाले, "बटन दाबा, मंग भांडा. मी अठी गचकलो तं उद्या पथक येईन, आन् श्रावणभाऊले सतरा प्रश्न विचारीन."

"वामनभाऊ, पाच मिनिटं थांबा."

"थांबतो. माह्या हातात काय हाय."

श्रावणरावांनी नकाशावरचा घाम हाताने पुसला. मग म्हणाले, "इंदू, मले गाडी उभी करून बसता येत नाही. उभी गाडी म्हणजे बिघाड. कोकणात पोरं पाण्यात खेळे, तं मी गाडीखाली निजलो होतो. अख्खा दिवस म्हणजे, बसून कराचं काय?"

हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझा पंखा चालू असता तर त्या दिवशीही ऐकलं नसतं कोणी.

"ते म्या तरी कुठं करून पाह्यलं?" इंदूबाई म्हणाल्या. "जाऊन पाहू."

श्रावणरावांनी खोडरबर घेऊन दहा चाळीस खोडलं. जोरात खोडलं, त्यामुळे कागद तिथे फाटला. त्यांनी फाटका कागद आणि पेन्सिल बायकोच्या पुढे सरकवली. इंदूबाईंनी पहाटेचे चार पाच खोडले. गाडी धुणं खोडलं. मग नव्या कागदावर 'समुद्र' एवढंच लिहून त्याखालची जागा कोरी सोडली.

"हे तं कोरंच ठेवलं तू," श्रावणराव म्हणाले.

"हो."

ते त्या कोऱ्या जागेकडे असं पाहत होते, जसं नवा ड्रायव्हर पहिल्या घाटाकडे पाहतो.

मग इंदूबाईंनी माझं बटण दाबलं आणि वामनराव माझ्या जाळीला गाल लावून बसले.

जूनमध्ये ते दोघं गेले. मी कोरड्या पोटाने बावीस दिवस खिडकीत उभा होतो. परत आले तेव्हा पावसाळा लागला होता आणि मी बंदच होतो, म्हणून सगळ्यांनाच सगळं नीट ऐकू गेलं. वामनराव मुद्दाम पावसात आले होते.

मळ्यांच्या पट्ट्यात गाडी विनाथांबा जाणार होती. ती थांबवली इंदूबाईंनीच. उतारावर एक म्हातारा उन्हात वेली बांधत होता, त्याला पाहून त्या राजदीपला म्हणाल्या, "उभी कर. भट्टीवाला नोहे हा, कास्तकार हाय." राजदीपने दुभाष्याचं काम केलं आणि वामनरावांचे सतरा प्रश्न विचारले गेले. म्हाताऱ्याने सांगितलं, पावसाचं काही खरं राहिलं नाही, भाव दुसराच कोणी ठरवतो, पोरगं शहरात गेलं. मग त्याने या लोकांना चेरीची टोपली दिली आणि उलट विचारलं, तुमच्याकडे कसं आहे?

वामनराव एकदम सरळ बसले. "उलटं विचारलं त्यानं?"

"हो."

"चार पथकं आले. एकानंही उलटं विचारू देल्लं नाही मले." ते पुढे सरकले. "मंग, फोटो काढला?"

"काढला," श्रावणराव म्हणाले. "पण तोंड पाड म्हणाले जीभ नाही उचलली."

"आन् समुद्र?"

इंदूबाई हसल्या. सांगू लागल्या. सकाळी नऊला त्या वाळूवर जाऊन बसल्या, स्वेटर घालून. साडेनऊला श्रावणरावांनी विचारलं, निघाचं काय? दहाला विचारलं. साडेदहाला विचारलं. अकराला ते गाडीला एक फेरी मारून, चारही टायर दाबून परत आले. बाराला त्यांनी बूट काढले. दुपारी त्यांनी विचारणं बंद केलं. संध्याकाळी ऊन उतरलं, वारं सुटलं, तेव्हा इंदूबाईच म्हणाल्या, "चला, निघू."

"मंग?" वामनरावांनी विचारलं.

"मंग हे म्हणाले, थांब, ती मोठी येऊन राह्यली ना, तेवढी येऊ दे."

"आली?"

"आली. मंग तिच्या मांगची येऊन राह्यली होती."

श्रावणराव खिडकीबाहेर पाऊस पाहत होते.

मित्रांनो, पुढल्या उन्हाळ्यात राजदीपने एसी पाठवला आणि मी कायमचा गच्चीवर आलो. एसी आवाज करत नाही, गुणी आहे. माझ्या ताट्या आता सुकल्या आहेत, तळाला गंज आहे, आणि यंदाही एक मांजर जागा पाहून गेली. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. घरी कूलर असेल तर त्याचं पाणी आठवड्याला बदला, ताट्या वेळेवर बदला, सुकलेला पंप चालू ठेवू नका, तो जळतो. आणि घरातलं एखादं माणूस बारीक आवाजात काही सांगत असेल, तर 'हो हो' म्हणण्याआधी उठून बटण बंद करा. पाच मिनिटांच्या उकाड्याने कोणी मरत नाही. वामनरावांना विचारून पाहा, त्यांना प्रश्नांची सवय आहे. फक्त त्यांनी उलट काही विचारलं, तर उत्तर द्या.